चढावरचं वावर

मोठेबाबा गेले तेव्हा मोठीआई आधीच गेलेली होती आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. मागे राहिलं ते जानेफळच्या शिवारातलं चढावरचं वावर. ते बाबांकडे आलं, कारण बाबा त्यांचे एकुलते धाकटे भाऊ. बाबांची सगळी नोकरी नांदुऱ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनीत गेलेली. कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती त्यांनी आयुष्यभर पाहिली, पण ती वॅगनमध्ये चढताना. कापूस न् धान्य उगवताना पाहायची वेळ दिवाळीत भावाकडे गेले तरच यायची.

नातेवाइकांचं म्हणणं एकच होतं, वावर ठोक्यानं द्या. म्हणजे दुसरं कुणीतरी कसेल, वर्षाला ठरलेली रक्कम आणून देईल, आपण नांदुऱ्यात पंख्याखाली बसायचं. बाबा नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीच करतो."

आई भाकरी थापत होती. ती मेहकरकडची, शेतात राबणाऱ्या घरातली. लग्नाआधी तिनं निंदणापासून वेचणीपर्यंत सगळं केलेलं. हात न थांबवता ती म्हणाली, "तुमाले वावरातलं काय समजते? गहू उगवला का गवत, हे तरी वळखू येते का?"

"शिकतो."

"या वयात?"

"मंग कोणत्या वयात शिकू? पुढच्या का?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि विषय तिथेच थांबला. दोन महिन्यांत दोघं जानेफळला, विहारामागच्या वस्तीतल्या मोठेबाबांच्या दोन खोल्यांत राहायला गेले. आई कुरकुरत गेली, पण ट्रंकेत तिनं सगळ्यात खाली अंबाडीचं आणि चवळीचं बी बांधून घेतलं होतं, हे मी पाहिलं.

मी खामगावात एका शाळेत भूगोल शिकवते. तिथेच खोली करून राहते. शनिवारी शाळा सुटली की मेहकरची बस धरायची आणि जानेफळला उतरायचं, हा तेव्हापासूनचा माझा नेम झाला.

वावराबद्दल सांगायला हवं. गावातल्या चांगल्या काळ्या जमिनी नाल्याच्या अंगाला आहेत. आमच्या वस्तीतल्या लोकांना जी काही जमीन मिळाली ती वरची, उताराची. पाय टाकला की मुरूम करकरतो. मोठेबाबांनी ती मजुरी करून जमवलेल्या पैशातून घेतली होती. कुणी तिला बरड म्हटलं की त्यांना राग यायचा. "हलकी म्हण, बरड म्हणू नको," असं ते मला लहानपणी सांगायचे.

आमच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याचं वावर आहे. दोघांच्या मधे धुरा. धुरा म्हणजे बांध, पण आमच्याकडे धुरा हा नुसता मातीचा उंचवटा नसतो. त्याच्यावरून पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद झालेली घरं मला माहीत आहेत. हा शेजारी बाबांच्याच वयाचा, उंच, बोलण्यात तिरकस. गावात त्याचं वजन होतं. बाबांना तो पहिल्या दिवसापासून 'साहेब' म्हणायचा, आणि ते ऐकताना आदर कुठे संपतो न् चेष्टा कुठे सुरू होते ते कळायचं नाही.

पहिल्या वर्षी बाबांनी सगळ्यांसारखं सोयाबीन पेरलं. उताराच्या दिशेनंच तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, पडले, कारण भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला तसंच सोपं जात होतं. श्रावणात एका दुपारी ढगफुटीसारखा पाऊस आला. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी तिथेच होते. आम्ही तिघं वावरात गेलो तर वरपासून खालपर्यंत घळी पडलेल्या. तासच्या तास सोयाबीन मुळासकट उघडं पडलेलं. शेजारी त्याच्या बाजूला उभा होता. त्याच्या तुरीत आमच्या वावराची तांबूस माती चांगली बोटभर पसरली होती.

"साहेब," तो म्हणाला, "तुमची माती माह्या वावरात येऊन पडली ना. वापस नेता का?"

आई पुटपुटली. बाबा वाकले, ती माती मुठीत घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मी वर्गात जमिनीची धूप दरवर्षी शिकवते. फळ्यावर उतार काढते, बाण काढते. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा धडा ज्याच्या घरात घडतो त्याला बाण दिसत नाहीत, फक्त रिकामी जागा दिसते.

त्या हिवाळ्यात बाबा मेहकरला शेतकऱ्यांच्या एका शिबिराला गेले. परत आले ते बदलूनच. पैसे न लावता काय काय करता येतं, याशिवाय त्यांच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही. शिबिरात त्यांना एक साधन दाखवलं होतं. दोन सारख्या लांबीच्या बांबूच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मधे आडवी काठी, म्हणजे इंग्रजी 'ए' अक्षरासारखा आकार होतो. वरच्या टोकापासून सुतळी सोडायची आणि तिला दगड लटकवायचा. सुतळी आडव्या काठीच्या बरोबर मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असं समजायचं. मग एक पाय तिथेच ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा सुतळी मधे आणायची, खूण करायची, पुढे जायचं. अशा खुणा जोडल्या की उताराला आडवी जाणारी, सगळीकडे एकाच उंचीची रेघ मिळते. त्या रेघेवर लहान बांध घातला आणि झाडं लावली की पाणी पळत नाही, चालतं. आणि माती झाडांपाशी थांबते.

बाबांनी त्या साधनाचं नाव ठेवलं घोडी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघांनी ती घोडी वावरभर चालवली. बाबा पाय फिरवायचे, मी सुतळीकडे पाहायचे, आई चुन्याची चिमूट टाकायची. वारा सुटला की दगड हलायचा आणि बाबा कुणाला तरी गप्प बसवावं तसं "थांब, थांब" म्हणायचे. रेघा पूर्ण झाल्यावर वरून पाहिलं तर एकही सरळ नव्हती. सगळ्या वळणं घेत गेलेल्या.

शेजारी धुऱ्यावर येऊन उभा राहिला. "हे काय? साप काढून राह्यले का वावरात?"

"पाण्याची वाट काढून राह्यलो," बाबा म्हणाले.

"पाण्याले वाट माहीत हाये साहेब. तुमच्याहून जास्त माहीत हाये."

त्या रेघांवर लावायला बाबांनी गिरीपुष्प निवडलं. आमच्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. रस्त्याकडेला कुठेही दिसणारं झाड, कुणी विकत घेत नाही. फांदी तोडून पावसाळ्याच्या तोंडी जमिनीत खोचली की जगते. जनावरं त्याच्या हिरव्या पाल्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. पाला तोडून पिकाच्या तासांमधे पसरला की जमीन झाकली जाते आणि तो सडून खत होतो, तेही फुकट. बाबांनी ओळखीच्या माणसाच्या छकड्यातून फांद्या आणल्या आणि दोन दिवस खपून एक पूर्ण रेघ लावली. तिसऱ्या दिवशी आई पाणी घेऊन गेली आणि जोरजोरात हसायलाच लागली.

"अवो, अर्ध्या फांद्या उलट्या लावल्या तुमी! डोळे वर पाह्यजेत, वर! शेंडा मातीत गाडला."

बाबांनी न चिडता सगळ्या उपटल्या आणि पुन्हा लावल्या. त्या दिवसापासून आई त्या वावरात गुंतली. रेघांच्या मधे सोयाबीनबरोबर तिनं तुरीच्या ओळी घालायला लावल्या, कडेनं अंबाडी टाकली, चवळी पसरली. धुऱ्यालगत शेवगा लावला. वस्तीतल्या घरोघरी फिरून कान तुटलेली, तोंड फुटलेली मडकी मागून आणली आणि शेवग्याच्या न् सीताफळाच्या रोपांशेजारी गळ्यापर्यंत पुरली. उन्हाळ्यात मडकं भरायचं, वर खापरी ठेवायची. पाणी मडक्यातून पाझरून मुळाशी जातं, उन्हात उडत नाही. नव्या मडक्यांपेक्षा जुनी मडकी तिला बरी वाटायची. नवी फार पाझरतात, असं तिचं म्हणणं. बाबांचं म्हणणं, जुनी क्षारानं बुजतात, पाझरतच नाहीत. हा वाद अजून मिटलेला नाही आणि दोन्ही प्रकारच्या मडक्यांशेजारची झाडं सारखीच आहेत.

दोन पावसाळे गेले. मातीत फरक पडला का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण तो फरक डोळ्यात भरणारा नव्हता. पाला पसरलेल्या जागी उकरलं तर गांडुळं दिसायची, ओल हाताला लागायची. जिथे घळी पडल्या होत्या तिथे झाडांच्या वरच्या बाजूनं माती साचून पायरीसारखं व्हायला लागलं होतं. आई येताना शेवग्याचा पाला तोडून आणायची आणि वरणात घालायची. मी खामगावला परत जाताना पिशवीत शेंगा आणि अंबाडीची जुडी असायची.

बाबा मात्र फार बोलायला लागले होते. चहाच्या टपरीवर, बसस्टॉपवर, विहारात वंदना झाल्यावर, जो भेटेल त्याला ते गिरीपुष्पाचे गुण सांगायचे. लोक ऐकायचे, कारण बाबा म्हातारे होते आणि चहा पाजायचे.

आणि मग ते चैत्र संपतानाचे दिवस आले. शाळेला सुट्टी लागली होती. आम्ही तिघं मडकी भरायला वावरात गेलो होतो. वावर उघडं होतं, पण आमच्या रेघांमधे वाळलेला पाला जाडसर पसरलेला होता. बाबांनी तो हिवाळाभर जपून ठेवला होता. खालच्या वावरात शेजारी तुरीची धसकटं आणि सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ढीग घालून पेटवत होता. दरवर्षी सगळेच पेटवतात. त्यात नवल काही नव्हतं.

वारा फिरला ते मला आधी आवाजावरून कळलं. कुणी मोठं पातळ झटकावं तसा आवाज आला. मी वळून पाहिलं तर धुऱ्यावरचं वाळलेलं गवत पेटलं होतं आणि जाळ आमच्याकडे चढत होता. उताराला आग किती भरभर चढते हे पाहिल्याशिवाय समजत नाही. आई ओरडली, "अहो, इस्तो! इस्तो आला!" बाबांनी मडक्यात ओतायची बादली तशीच जाळावर फेकली, तिनं काहीच झालं नाही. आम्ही कडुनिंबाच्या फांद्या तोडल्या आणि झोडपायला लागलो. थोड्या वेळानं शेजारीही धुरा ओलांडून आला आणि आमच्या बाजूनं झोडपायला लागला. त्याच्या पायात नुसत्या चपला होत्या. पेटत्या पाल्यात त्याचा पाय गेला, तरी तो थांबला नाही. वरच्या रेघेपाशी, जिथे आईनं पाला पसरला नव्हता, तिथे आग आपोआप थांबली.

सगळं विझल्यावर आम्ही चौघं काळे होऊन उभे होतो. खालच्या तीन रेघा जळल्या होत्या. शेवगा भाजून वाकला होता. पाल्याच्या जागी राख होती. आईनं उरलेलं पाणी शेजाऱ्याच्या पायावर ओतलं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याला थांबवून त्याच्यामागे शेजाऱ्याला बसवून गावातल्या दवाखान्यात पाठवलं. तो जाताना बाबांकडे पाहत होता. बाबा त्याच्याकडे पाहत नव्हते.

गावात चर्चा झालीच. वस्तीतल्या लोकांचं म्हणणं, तक्रार करा, पंचनामा करा, हे मुद्दाम केलेलं आहे. मला स्वतःलाही तसंच वाटत होतं. मी बाबांना म्हटलं, "आपण काहीच केलं नाही तर उद्या कुणीही काहीही करेल. मोठेबाबा असते तर त्यांनी सोडलं असतं का?"

बाबा उठून बाहेर गेले. आई माझ्याशी बोलायची थांबली नाही, काहीच न करणाऱ्या बाबांशी मात्र थांबली. घरात तीन-चार दिवस भांड्यांचेच आवाज होते. मग एका सकाळी बाबांनी पांढरा सदरा घातला, जो ते मालधक्क्यावर साहेबांची तपासणी असली की घालायचे, आणि मला म्हणाले, "चाल माह्यासंग. भांडाभांडी झाली तर साक्षीले कोणी पाह्यजे."

शेजाऱ्याचं घर गावाच्या मध्यात आहे. मोठेबाबा त्या घरी कामानिमित्त कितीदा तरी गेले असतील, पण ओट्याच्या पायरीपर्यंत. आत बसल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. बाबाही पायरीपाशीच थांबले. शेजारी आत खाटेवर बसला होता, पायाला पट्टी. तो आम्हाला पाहून उठायला लागला.

"बाहेर काऊन उभे? या, आत या," तो म्हणाला. मग घराकडे वळून, "चहा मांड वो."

आम्ही आत जाऊन खुर्च्यांवर बसलो. त्याची बायको चहा घेऊन आली, घरातल्याच कपांमधे. बाबांनी कप हातात धरला, पण प्यायले नाहीत.

"पाय कसा हाये?"

"बरा होऊन राह्यला. तुमचे झाडं?"

"जळले."

शेजारी पायावरची पट्टी चाचपत म्हणाला, "साहेब, इस्तो मी जाणून नाही सोडला. हवा फिरली. हे खरं हाये." त्याची बायको दारात उभी होती, तिच्याकडे त्यानं एकदा पाहिलं. "पण अजून एक खरं हाये. जाळ धुऱ्याकडे चालला तवा मी पाहत उभा राह्यलो. लगेच धावलो नाही. मनात आलं, जळू दे हे झाडं, माह्या तुरीवरची सावली तरी जाईन. मंग तुमच्या घरच्याईचा आवाज आला अन् मले माह्याच मनाचं भेव वाटलं."

मला वाटलं, आता बाबा उठतील. मी पर्ससुद्धा खांद्याला लावली. पण बाबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "सावलीचं तुमी मले सांगतलं होतं ना?"

"दोनदा सांगतलं. सकाळचं ऊन माह्या धुऱ्याजवळच्या तासायवर येतच नाही, तूर पिवळी पडून राह्यली म्हणलं."

"अन् मी काय म्हणलो?"

"तुमी मले झाडाचे फायदे सांगतले."

दारात उभ्या असलेल्या बाईला हसू आलं आणि तिनं तोंडाला पदर लावला. बाबांचा चेहरा मात्र पडला. त्यांना आगीचा राग काढायचा होता, त्याची तयारी करून ते आले होते, पांढरा सदरा घालून; आणि इथे त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकावं लागलं. त्यांनी चहा उचलला आणि एका दमात प्यायले. तो एव्हाना गार झाला असणार.

"छाटाची होती," ते म्हणाले. "गुडघ्याइतकी ठेवाची अन् वरचं छाटाचं, असंच सांगतलं होतं शिबिरात. पण मलेच वाटे, एवढं वाढलं झाड, कायले तोडाचं? लोकायले दिसलं पाह्यजे."

"दिसे ना. पार रोडावरून दिसे," शेजारी म्हणाला.

त्या दिवशी माफी कुणी मागितली नाही. पंचनाम्याचं नाव निघालं नाही, भरपाईचंही नाही. एवढंच ठरलं की धुऱ्यालगतची झाडं पेरणीआधी आणि मधे एकदा गुडघ्याएवढी छाटायची, आणि पेटवायचं असेल तर आधी एकमेकांना सांगायचं. घरी आल्यावर आईनं सगळं माझ्याकडून ऐकलं. बाबांना तिनं फक्त एवढंच विचारलं, "जेवता का?" म्हणजे बोलणं सुरू झालं.

मी मात्र बरेच दिवस अस्वस्थ होते. त्या माणसानं जे कबूल केलं ते कबूल करण्याची त्याला काही गरज नव्हती; वाऱ्यावर ढकललं असतं तरी चाललं असतं. पण ते ऐकून माझा राग गेला असंही नाही. आपलं जळत असताना कुणीतरी घडीभर पाहत उभं होतं, हे कळल्यावर ते विसरता येत नाही. आमच्या वस्तीतल्या माणसांना तर ते जुन्या ओळखीचं वाटतं. बाबांना मी हे एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मलेही तसंच वाटते. पण तो उभा राह्यला ते त्यानंच सांगतलं, दुसऱ्या कोणी नाही. या गावात आजवर कोणी सांगतलं होतं का आपल्याले?"

पाऊस सुरू झाल्यावर काळ्या बुंध्यांना गिरीपुष्पाचे कोंब फुटले. हे झाड असंच आहे, तोडलं किंवा भाजलं तरी बुडातून उठतं. शेवगाही बराचसा बुडातून फुटला. सीताफळं मात्र गेली ती गेलीच, आणि आईनं कौतुकानं लावलेला एक आंबाही. पाला सगळा राख झाल्यामुळे जमीन उघडी होती. आईनं खालच्या पट्ट्यात बोरू, म्हणजे खतासाठीचा ताग, पेरला, फुलावर यायच्या आत मोडून मातीत गाडला. बाकीचं झाकायला काहीच नव्हतं.

दिवाळीनंतर सोयाबीनची मळणी झाली आणि एका दुपारी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आमच्या धुऱ्याशी येऊन थांबला. ट्रॉलीत कुटार भरलेलं.

"जाळण्यापरीस तुमी घ्या," तो म्हणाला.

बाबांनी विचारलं, "तुमच्याकडे खाणारं कोणी नाही का?"

"बैल होते तवा एक काडी उरत नव्हती. बैल विकले, मंग कुटार कोणाले घालू? ट्रॅक्टर खाते का?"

मी याआधी कधी हा विचार केला नव्हता. पेटवणं ही वाईट सवय आहे, अडाणीपणा आहे, असं मी मुलांना शिकवत आले. पण ज्या घरात गोठा होता तिथे भुसा म्हणजे चारा होता. गोठा रिकामा झाला त्या दिवशी तोच भुसा कचरा झाला. बाबांनी ते कुटार रेघांमधे पसरलं. त्या वर्षीपासून ते दरवर्षी येतं. सगळं नाही. रब्बीची घाई असली की तो अजूनही थोडं पेटवतो, पण आधी सांगायला येतो, आणि आई पाण्याच्या घागरी घेऊन धुऱ्यावर जाऊन उभी राहते.

पुढच्या खरिपात पावसानं मोठी दडी मारली. सोयाबीन फुलावर असतानाच. गावभर पिकं माना टाकायला लागली. आमचं वावर हलकं, ते आधी वाळायला हवं होतं. झाकलेल्या पट्ट्यातलं सोयाबीन दुपारी सुकायचं आणि सकाळी पुन्हा सावरायचं. चमत्कार झाला नाही. शेंगा कमीच भरल्या, आणि खालच्या काळ्या जमिनीत शेजाऱ्याला आमच्यापेक्षा जास्तच पिकलं. पण वर, उघड्या राहिलेल्या तुकड्यात, आमच्या हाती काहीच आलं नाही, आणि झाकलेल्या तुकड्यात घरापुरतं न् विकण्यापुरतं आलं. तुरीनं नंतर हात दिला. बाबा त्या दोन तुकड्यांच्या मधे उभे राहून कितीतरी वेळ इकडून तिकडे पाहायचे. त्या वर्षी त्यांनी कुणालाही भाषण दिलं नाही.

मग शेजारीच एक दिवस घोडी मागायला आला. त्याच्याही वावराच्या वरच्या अंगाला थोडा उतार होता आणि तिथे पाणी थांबत नव्हतं. बाबा सोबत जायला निघाले, पण त्यानं नको म्हटलं. संध्याकाळी घोडी परत आणताना म्हणाला, "तुमची घोडी लंगडते. एक पाय छोटा हाये."

"काऊन छोटा असंन? मी मोजून तोडला."

"मोजून पाहा ना मंग."

मोजलं, तर खरंच एक पाय झिजून आखूड झाला होता. दर उन्हाळ्यात रेघा वाढवताना मुरमावर टेकवून टेकवून. म्हणजे आमच्या नंतरच्या सगळ्या रेघा थोड्या तिरक्या असणार. बाबा ओशाळले आणि तो पाय पुन्हा मोजायला लागले. शेजाऱ्यानं त्याच आठवड्यात नवीन घोडी केली, पायांना लोखंडी टोप्या बसवलेली, आणि ती आता गावात मागतील त्यांच्याकडे फिरत असते. बाबांना तो अलीकडे 'भाऊ' म्हणतो. कधीपासून म्हणायला लागला ते मला सांगता येणार नाही, आणि बाबांनाही नाही.

आता बाबांचे गुडघे दुखतात. ते वावरात जातात, पण कडुनिंबाखाली बसून राहतात. गेल्या वर्षी धुऱ्यावरची आगीत मेलेली काही खोडं काढली आणि तिथे मोकळी जागा झाली. पावसाच्या पाण्यानं तिथून पुन्हा माती जायला लागली. तिथे काय लावायचं, यावर दोन म्हाताऱ्यांचा हिवाळाभर वाद चालला. बाबांना शेवगाच हवा होता. शेजाऱ्याला सावली पाडणारं काहीही नको होतं. तो म्हणे करवंद लावा, जनावरंही थांबतील. बाबा म्हणत, काट्यानं वेचणाऱ्या बायांचे हात फाटतील. दोघंही एकमेकांना बोलावून चहा पाजत आणि पुन्हा तोच वाद करत.

आईनं कुणाला विचारलं नाही. मेहकरकडे तिच्या माहेरच्या नाल्याकाठी वाळा आहे, ज्याची सुगंधी मुळं लोक उन्हाळ्यात पाण्याच्या माठात टाकतात तोच. त्या गवताची मुळं खूप खोल, सरळ खाली जातात आणि माती घट्ट धरून ठेवतात. वर सावली नाही, काटा नाही. पाऊस चांगला बसल्यावर तिनं भाच्याकडून वाळ्याचे ठोंब मागवले आणि शेजाऱ्याच्या बायकोला निरोप पाठवला. मी त्या रविवारी तिथे होते. दोघी सकाळपासून धुऱ्यावर, एक आमच्या बाजूनं आणि एक त्यांच्या बाजूनं, विळ्यानं खाचा करत ठोंब लावत होत्या. दोघींच्या पातळाचे काठ चिखलात भरले होते.

बाबा आणि शेजारी चालत वर आले तेव्हा निम्म्याहून जास्त धुरा लावून झाला होता.

"हे काय लावून राह्यले?" शेजाऱ्यानं विचारलं.

"वाळा," त्याची बायको न वळता म्हणाली. "तिकडून जा, इथं पाय देऊ नका."

बाबा काहीतरी बोलणार होते. त्यांनी तोंड उघडलं, बहुतेक मुळांच्या खोलीबद्दल, आणि मग आईकडे पाहून ते मिटलं. दोघं म्हातारे वळसा घालून कडुनिंबाखाली जाऊन बसले. मी टोपलीतले ठोंब सोडवून देत होते. ओली, वासाची मुळं बोटांना गुंडाळत होती. दुपारपर्यंत धुरा संपला तरी टोपलीत बरेच ठोंब उरले, आणि ते त्यांच्या नाल्याच्या कडेला लावायचे की आमच्या घराच्या मोरीपाशी, यावर त्या दोघींचं बोलणं सुरू झालं.